एकवीस इंची चाकं

४ मार्च

आदरणीय अण्णा,
सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून पत्र लिहितोय. कल्पना माझ्या बायकोची. ती म्हणाली, "भाऊजींनी एकतीस वर्षं बसडेपोत टायरचा विभाग सांभाळला. घरात एवढा जाणकार साडू असताना दुकानदाराला काय विचारता?"

तर विषय असा. माझ्या गाडीची टायरं झिजली आहेत. गाडी तुम्ही पाहिली आहे. गेल्या वर्षी घेतलेली काळी एसयूव्ही, दिसायला दांडगी आणि पळायला रेसची. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारून "बरी आहे" म्हणाला होतात. सध्या तिला एकोणीस इंची चाकं आहेत. टायरवर २५५/५० आर १९ असं लिहिलं आहे. माझ्या दवाखान्यापासून जवळच चाकांचं एक मोठं दुकान उघडलंय. तिथला मालक म्हणतो, नुसती टायरं काय बदलता, रिमसकट एकवीस इंची चाकं घ्या, २५५/४० आर २१. बाहेरून चाकाची उंची तेवढीच राहते, पण गाडीचा रुबाब दुप्पट होतो. फोटो सोबत जोडलाय. रिम काळ्या आहेत, कडेला चंदेरी रेघ.

पुढच्या आठवड्यात ठरवायचं आहे. मत कळवावं. ताईंना नमस्कार.

तुमचा,
डॉक्टर


९ मार्च

डॉक्टर,

पत्र वाचलं. फोटो पाहिला. आधी वाटलं, एखाद्या महागड्या सलूनच्या भिंतीवरची घड्याळं आहेत. मग खाली टायर दिसलं, म्हणजे जेवढं उरलंय तेवढं दिसलं.

टायरवरचे आकडे शोभेचे नसतात. २५५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या निम्मी. तुमच्या आत्ताच्या रिमभोवती पावणेतेरा सेंटिमीटर रबर आहे. ४० झालं की उरतं दहा. उंची तेवढीच राहते हे मालक खरं बोलला. धातू वाढला आणि रबर घटलं, हे बोलायचं त्याच्याकडून राहून गेलं.

खड्डा आला की कोणालातरी वाकावं लागतं. रबर वाकलं तर ते परत सरळ होतं. रिम वाकली तर होत नाही. आणि दोघंही वाकायला तयार नसले तर आत बसलेल्यांच्या मणक्यांनी ते काम करायचं. तुमचा रस्ता मला माहीत आहे. तो रस्ता कमी आणि खड्ड्यांचं प्रदर्शन जास्त आहे.

मापानंतर टायरवर अजून एक आकडा असतो, वजनाचा. तुमच्या जुन्या टायरवर १०७ असेल. फोटोतल्या टायरवर भिंगातून पाहिलं, १०२ आहे. म्हणजे एकेक टायर सव्वाशे किलो कमी पेलणार. मालकाने हे सांगितलं का? नाही. तुम्ही विचारलंत का? तेही नाही. तुम्ही रंग विचारलात.

मत मागितलंत म्हणून देतो. एकोणीसच ठेवा. त्याहून शहाणं व्हायचं असेल तर अठरा, २५५/५५. पण तुमच्या गाडीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, त्यांच्यावर अठराची रिम बसते का ते आधी लावून बघा. चारही चाकं ओढणारी गाडी आहे, तेव्हा चारही टायरं एकदम बदला. आणि ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर आहे. गाडी बनवणाऱ्यांनी त्यावर कुठली मापं चालतात ते छापलंय. तुम्हाला वाचता येतं, म्हणून सांगितलं.

अण्णा


१७ मार्च

आदरणीय अण्णा,

पत्राबद्दल आभार, टोमण्यांसकट. एकवीस इंची चाकं परवाच बसवली.

तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण ते ज्ञान बसचं आहे. बस चाळीसच्या वेगाने धूर सोडत जाते आणि तिच्या चाकांकडे कोणी बघत नाही. ही गाडी वेगळ्या जातीची आहे. वळणावर ती आता रुळावरून जावी तशी जाते. तुम्ही आयुष्यात स्वतःची एकही गाडी घेतली नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात असताना काय वाटतं ते टायरच्या ढिगाआडून तुम्हाला कळणं अवघड आहे. यात तुमचा दोष नाही.

बायकोला चाकं फार आवडली. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात.

तुमचा,
डॉक्टर


२३ मार्च

डॉक्टर,

अभिनंदन. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, हे वाचून धन्य झालो. आमच्या बसला कोणी काही विचारत नसे. साठ माणसं चढायची, आपापल्या गावी उतरायची आणि घरी जाऊन जेवायची. यापलीकडे त्या गाडीला काही जमलं नाही.

किडलेला दात घेऊन कोणी तुमच्याकडे आला आणि म्हणाला, "किडलाय तो राहू दे, वरून तेवढा चकचकीत करून द्या," तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तेच मी तुम्हाला म्हणतोय असं समजा, म्हणजे माझी शाई वाचेल.

टायर या विषयावर आता मला लिहू नका. मी रिटायर झालोय, ते उरलेलं आयुष्य शांत जावं म्हणून.

हिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलंय. त्यासाठी ही एप्रिलअखेर तुमच्याकडे येईल, आणि मग दोघी बहिणी तुमच्याकडून माहेरी जातील. तिची ॲसिडिटीची गोळी रात्री नाही, सकाळी घ्यायची असते. एवढं धाकटीला सांगा.

अण्णा


२ मे

आदरणीय अण्णा,

ताई सुखरूप पोचल्या. दोघी बहिणी सकाळी बोलायला बसतात आणि संध्याकाळी पाणी प्यायला उठतात. सासूबाईंचं ऑपरेशन अकरा तारखेला आहे. दहाला सकाळी मी दोघींना गाडीने घेऊन निघेन. एकशेऐंशी किलोमीटर आहे, शेवटचे तीस चढाचे.

टायर या विषयावर लिहू नका म्हणाला होतात, तरी एक विचारतो. माझ्यासाठी नाही. माझ्या एका पेशंटच्या गाडीचं मागचं टायर खड्ड्यात आपटलं. हवा गेली नाही, पण कडेला लिंबाएवढा फुगवटा आलाय. त्या मापाचं टायर मागवावं लागतं, यायला तीन आठवडे लागतील. दुकानदार म्हणतो, तोवर सावकाश चालवलं तर चालेल. डिकीतलं जादा चाक छोटं आहे, लांबच्या प्रवासाला चालत नाही. पेशंटला बाहेरगावी जायचंय. त्याने काय करावं? सहज विचारतोय.

तुमचा,
डॉक्टर


५ मे

डॉक्टर,

तुमच्या पेशंटची हकिगत वाचून चांगली करमणूक झाली. हा गृहस्थ कोण असावा, याचा मी चहा पिता पिता अंदाज बांधला. गाडी उंच आणि काळी असणार. चाकं मोठी असणार, कारण साध्या मापाचं टायर कुठल्याही दुकानात मिळतं, त्यासाठी तीन आठवडे बसावं लागत नाही. शिकलेला असणार, कारण एवढा मूर्खपणा अडाणी माणसाला परवडत नाही. दुकानात शिरताना अक्कल त्याने बाहेर गाडीत ठेवली असणार आणि वर काच बंद केली असणार.

त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेल. एखादा म्हातारा असेल, त्याने भिंगातून आकडे वाचून सांगितलं असेल. पण म्हाताऱ्याकडे स्वतःची गाडी नसेल, मग त्याचं कशाला ऐकायचं. (पान उलटा.)

आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता. टायरला असा फुगवटा आला की तो म्हणायचा, "बाळसं धरलंय." त्याला वाटायचं, हवा जास्त झाली म्हणून येतो. तो सातवी नापास होता, त्याला माफ आहे. तुमच्या पेशंटला तुम्ही समजावून सांगा. टायरच्या कडेच्या आत धाग्यांचं विणकाम असतं, तेच टायरला धरून ठेवतं. कड दहाच सेंटिमीटरची असेल आणि खड्डा जोरात बसला, तर रिम आणि खड्ड्याच्या काठामध्ये सापडून ते धागे तुटतात. मग आतली हवा नुसत्या रबराच्या कातडीवर तोललेली असते. ती कातडी किती वेळ धरेल ते तिलाही ठाऊक नसतं. दुकानदाराला ठाऊक आहे, हे ऐकून बरं वाटलं. त्याचा सत्कार करायला हवा. त्याच्या गळ्यात हार घालायला मी तुमच्या पेशंटचं तेच टायर सुचवीन. (पान उलटा.)

आता उत्तर. त्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नये. गाडी जागेवर उभी करावी आणि दुसऱ्या गाडीने जावं.

अण्णा


१४ मे

अहो,

मी सांगते आहे आणि धाकटी लिहिते आहे, कारण माझं उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलंय. "गाडीला अपघात झाला, सगळे ठीक आहेत, तुम्ही येऊ नका" एवढं शेजाऱ्यांच्या फोनवरून तुम्हाला कळवायला लावलं होतं. येऊ नका हे मीच म्हटलं होतं. आता बाकीचं ऐका.

चढ लागला तेव्हा साडेदहा वाजले होते. पुढे ट्रक होता म्हणून आम्ही हळू चाललो होतो, तेवढंच नशीब. डाव्या वळणावर मागून फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग एकदम बाजूला गेला. डॉक्टरांनी स्टिअरिंग धरून ठेवलं, पण गाडी आडवी होऊन कठड्यावर आदळली. कठडा होता म्हणून हे पत्र आहे. धाकटीचा गुडघा फुटला, चार टाके पडले. डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नाही. ते खाली उतरले आणि त्या चाकापाशी मांडी घालून बसले, रस्त्यात. ट्रकवाल्याने त्यांना हाताला धरून उठवलं.

आईचं ऑपरेशन पुढे ढकललं.

काल धाकटीने गाडीतलं सामान आणून दिलं. कागदपत्रांच्या खणात तुमचं पत्र होतं. तीन पानं. पहिलं पान मळलेलं, दुसरं आणि तिसरं कोरं करकरीत, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी पडल्या पडल्या डाव्या हाताने तिन्ही वाचली. मग डॉक्टरांना बोलावलं.

मी विचारलं, "हे तुम्हाला कधी मिळालं?"

"आठ तारखेला."

"शेवटपर्यंत वाचलंत?"

ते म्हणाले, "पहिल्याच पानावर त्यांनी मला मूर्ख म्हटलं होतं, ताई. पुढे काय असणार म्हणून ठेवून दिलं."

"तुम्हाला कुठे म्हटलंय? पेशंटला म्हटलंय."

त्यावर ते माझी पाण्याची बाटली भरायला उठून गेले. हे वाक्य लिहायला धाकटी तयार नव्हती, तिला दटावलं.

(भाऊजी, मी धाकटी. चाकं मला आवडली असं यांनी तुम्हाला लिहिलं होतं म्हणे. त्या गाडीत बसलं की माझ्या दाढा वाजायच्या, आणि मी दाताच्या डॉक्टरची बायको.)

डॉक्टरांना जे बोलायचं ते मी बोलले आहे, ते त्यांना पुरेल. आता तुमचं. त्यांनी एक पान वाचलं आणि तुम्ही तीन लिहिलीत. माझं हाड या दोन्हींच्या मध्ये सापडलं. मला एकच सांगा, पेशंट कोण ते तुम्ही ओळखलं होतं ना?

आणि त्या गाडीत कोण बसणार आहे, तेही डॉक्टरांच्या त्याच पत्रात लिहिलेलं होतं.

तुमची


१८ मे

हो. ओळखलं होतं, पेशंट हा शब्द वाचताक्षणी.

तू विचारलंस म्हणून सगळं सांगतो. ती तीन पानं लिहायला मला दोन तास लागले आणि ते दोन तास माझे फार मजेत गेले. उत्तर पहिल्या ओळीत लिहिता आलं असतं. पण मग डॉक्टरांनी तेवढंच वाचलं असतं आणि बाकीचं टाकून दिलं असतं. मला बाकीचं वाचायला लावायचं होतं. मी आयुष्यात गाडी घेतली नाही असं त्यांनी लिहिलं होतं, ते मला दीड महिना टोचत होतं.

पत्र पोचायला तीन दिवस लागणार हेही माहीत होतं. शेजाऱ्यांचं दार चार पावलांवर आहे. "हिला फोन लावून सांगा, त्या गाडीत बसू नकोस" एवढं सांगायचं होतं. मनात आलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर पत्रातली गंमत जाईल.

डेपोत असं टायर दिसलं की मी आधी बस थांबवायचो आणि मग ड्रायव्हरला शिव्या द्यायचो. एकतीस वर्षांत कधी उलटं केलं नाही.

मी येऊ का?


२९ मे

आदरणीय अण्णा,

या वेळी पेशंट मीच आहे.

ताईंनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. त्यावर मी काही बोलत नाही, कारण माझी बाजू तुमच्यापेक्षा चांगली नाही. फुगवटा मी रोज सकाळी जाऊन बघत होतो. बायकोला दिसू नये म्हणून ती बाजू भिंतीकडे करून गाडी लावायचो. तिने आधीच नको म्हटलं होतं, तुम्ही नको म्हटलं होतं, आणि आता तुम्हा दोघांसमोर हरायचं माझ्या जिवावर आलं होतं. पत्र ठेवून दिलं तेही त्यासाठीच. उत्तर काय असणार हे मला माहीत होतं.

गाडीची मागची बाजू दुरुस्त होऊन आली. चाकं परत करायला त्याच दुकानात गेलो. मालक हसला. म्हणाला, "डॉक्टर, लोक एकोणीसवरून एकवीसवर जातात. तुम्ही एकवीसवरून खाली येताय? गाडी म्हशीसारखी दिसेल."

मी म्हटलं, "दिसू दे. टायरवर वजनाचा आकडा किती होता तो सांगा."

"कोण बघतं तो?"

मी त्याला दंडाला धरून गाडीपाशी नेलं, दार उघडलं आणि स्टिकर दाखवला. दुकानातली चार गिऱ्हाइकं बघत होती. तो मोठ्याने म्हणाला, "एवढी भीती वाटते तर बसने जायचं." सगळे हसले. मी तिथून निघालो आणि जुन्या बाजारातल्या एका साध्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने अठराची रिम लावून पाहिली, ती पुढच्या ब्रेकला घासते. म्हणजे एकोणीसच. जुन्या रिम माझ्या गॅरेजात होत्या, त्या शाबूत आहेत.

आता टायर दोन प्रकारची आहेत. एक वेगासाठी, मऊ रबराचं. दुसरं रोजच्या रस्त्यासाठी, जरा जाड कडेचं. मऊ रबराचं लगेच मिळतंय, पण ते तीन वर्षं पडून आहे. दुसरं चार दिवसांनी येईल. कुठलं घेऊ?

तुमचा,
डॉक्टर


२ जून

डॉक्टर,

दुसरं घ्या. चार दिवस थांबा. वजनाचा आकडा १०७ आहे ना ते स्वतः वाचा. कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही टायरांवरची बघून घ्या. हवा स्टिकरवर असेल तेवढी, सकाळी गाडी निघण्याआधी भरा. पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.

बसने जायला सांगणाऱ्या त्या मालकावर दीड पान लिहून ठेवलंय. मागितलंत तर पाठवीन, नाही तर राहू दे.

हिच्या खांद्याचं कळवत जा. ती मला लिहीत नाही.

अण्णा


२२ जून

अहो,

हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे, म्हणजे हाड जुळलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अक्षर अजून थोडं हलतं.

"मी येऊ का" असं तुम्ही विचारलं होतं, त्याला महिना होऊन गेला. त्याचं उत्तर मी या पत्राच्या शेवटी लिहिणार आहे, तुमच्याच पद्धतीने. तोवर बाकीचं वाचा.

आईचं ऑपरेशन परवा झालं. आम्ही त्याच गाडीने गेलो. धाकटी आधी बसायला तयार नव्हती. डॉक्टरांनी तिला चारही टायरं हात लावून दाखवली, आकडे वाचून दाखवले, मग बसली. चढावर मी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर दर वळणाला विचारत होते, "ताई, खांद्याला लागतंय का?" शेवटी मी त्यांना सांगितलं की विचारायचं थांबवलंत तर लागणार नाही. गाडी आता हादरत नाही आणि कुठल्याच सिग्नलला कोणी काच खाली केली नाही. ते त्यांना जरा लागलं असावं, कारण दोनदा त्यांनी स्वतःहून बाहेर बघितलं.

आईची पट्टी काल काढली. तिला आता घड्याळातला काटा दिसतो. तिने विचारलं, "तुझा नवरा कुठाय? सगळे आले, तो नाही आला?" मी म्हटलं, त्यांना मी येऊ दिलेलं नाही. तिने कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, तीन पानांचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याने तुला कधी सरळ काही सांगितलंय का?"

मी खूप आठवून बघितलं. तेहतीस वर्षांत मला सर्दी झाली तरी तुम्ही आधी माझ्या थंड पाण्यावर दहा मिनिटं बोलायचा आणि मग काढा करायला उठायचा. काढा मात्र दर वेळी केलात. बोलणं ऐकत ऐकत काढ्यापर्यंत थांबायची सवय मला झाली. डॉक्टरांना ती नव्हती, आणि का असावी. मलाही आता ती नकोय. माझं वय झालं.

तुमचं अठरा तारखेचं पत्र मात्र सरळ होतं. ते मी दोनदा वाचलं. त्यात पहिलाच शब्द "हो" होता.

शनिवारची सकाळची बस घ्या. डॉक्टर स्टँडवर घ्यायला येतील, त्यांना जे काय म्हणायचं ते समोर उभं राहून म्हणा, लिहून नको. येताना माझी निळी शाल आणा.

या.